लुई मोहोलो नुसता साथीला नव्हता

संपादक महोदय,

दक्षिण आफ्रिकेचा जॅझ ड्रमर लुई मोहोलो-मोहोलो १३ जून २०२५ ला केप टाऊनमधे वारला, वय ८५. जॅझबद्दल आपल्याकडे फार कमी छापून येतं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. लंडनच्या म्युझिकबद्दल वाचताना सॅक्सोफोनवाले, पियानोवाले यांच्यावर पानंच्या पानं असतात आणि ड्रमरचं नाव शेवटी, "ड्रम्सवर अमुक" एवढंच. आपल्याकडे तबलजीचं व्हायचं अगदी तसंच, आणि या माणसाच्या बाबतीत तर ते मला अजिबात पटत नाही.

त्याचा 'ब्लू नोट्स' हा सहा जणांचा बँड, पियानोवर गोरा ख्रिस मॅकग्रेगर, बाकी सगळे काळे. वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत अशांनी एका स्टेजवर वाजवायचं म्हणजे कायम पोलिसांची भीती. १९६४ ला फ्रान्समधल्या अँटिबच्या फेस्टिवलला म्हणून निघाले ते परत गेलेच नाहीत (एकटा निकेले मोयाके तेवढा परतला आणि लवकरच वारला), स्वित्झर्लंडमधे काही महिने काढून १९६५ ला लंडनला आले. तिथले पोरं तेव्हा अमेरिकन रेकॉर्डी ऐकून वाजवत होते, आणि मोहोलो केप टाऊनच्या वस्तीतला नाचाचा ठेका घेऊन आला, मधेच तो मोडून टाकायचा, सगळं विस्कटलं असं वाटेपर्यंत ताणायचा, तरी आतली लय सुटायची नाही. इव्हान पार्कर, डेरेक बेली, कीथ टिपेट, तिथले हे नावाजलेले वादक सगळे त्याच्यासोबत वाजवलेत. 'ब्रदरहुड ऑफ ब्रेथ' (मॅकग्रेगरचा नंतरचा मोठा बँड) ऐकताना एकदा फक्त ड्रम्सकडेच कान द्या, एवढा मोठा ताफा कोण ओढतोय ते कळेल.

डिसेंबर १९७५ ला ट्रंपेटवाला मोंगेझी फेझा लंडनमधेच गेला, जेमतेम ३० वर्षांचा. राहिलेले चौघं जमले आणि त्याच्यासाठी वाजवत बसले, त्याचं रेकॉर्डिंग आहे. मी ते एका बैठकीत पूर्ण ऐकू शकलो नाही, घशाशी येतं. मग १९८६ ला जॉनी डायनी गेला, १९९० ला एका पाठोपाठ मॅकग्रेगर आणि डुडू पुक्वाना. सहातला हा एकटाच उरला, तरी वाजवत राहिला, आणि २००५ ला कायमचा केप टाऊनला परतला, म्हणजे देश सोडून तोवर चाळीस वर्षं झाली होती.

आपल्या रविवार पुरवणीत या सहा जणांवर एक पूर्ण पान करा, आणि त्यात मोहोलोचं नाव सगळ्यात आधी घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे