सॉक्रेटिसची प्रत

सांगली,
12 ऑगस्ट

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

निसर्गचित्रं सोडून एकदम सॉक्रेटिस कशाला, असं तू विचारलंयस. अरे, तैलरंग शिकायचे तर मनुष्याकृती यायला हवी, आणि घरात माझ्यासमोर तासभर न हलता बसायला कुणी तयार नाही. फ्रेंच चित्रकार दाविदची माणसं हलत नाहीत! त्याचं 1787 सालचं 'सॉक्रेटिसचा मृत्यू' प्रत करायला घेतलंय; ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस शिक्षा म्हणून विष पितो, तो प्रसंग. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, साधारण 130 बाय 196 सेंटिमीटर. त्याचा फोटो संग्रहालयानेच सर्वांसाठी खुला ठेवलाय. माझा कॅनव्हास 20 बाय 30 इंची, म्हणजे प्रमाण जवळपास जुळतं. चौकटी आखून कोळशाने ड्रॉइंग उतरवलं.

तू जे.जे.त प्लास्टरच्या ग्रीक मूर्तींवरून शेडिंग करायचास ना, त्याचा अर्थ मला आत्ता कळतोय. या चित्रात उजेड एकाच बाजूने, डावीकडून येतो. त्यामुळे प्रत्येक अवयवाची उजळ बाजू कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते, ते स्पष्ट दिसतं. म्हणून आधी नुसत्या अंबर या मातकट तपकिरी रंगात आणि पांढऱ्यात सगळं चित्र रंगवून घेतलं. अंबर लवकर वाळतो हे बरं, कारण या पावसात बाकीचे रंग वाळायचं नावच घेत नाहीत. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं की वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

खरी गंमत कातडीच्या रंगात आहे. पिवळा ऑकर, लाइट रेड, पांढरा आणि आयव्हरी ब्लॅक, एवढ्यावरच भागतं. निळ्याची ट्यूब उघडलीसुद्धा नाही. काळ्यात पांढरा मिसळून होणारा राखाडी पॅलेटवर अगदी मेलेला दिसतो, पण सॉक्रेटिसच्या वर उचललेल्या दंडाखाली, ऑकरच्या शेजारी लावला की निळसर होतो. त्याच काळ्यात ऑकर घातला की हिरवट झाक येते आणि बरगडीजवळचा अर्धउजेड तयार. तो दंड मी कितीदा पुसला आणि पुन्हा लावला, विचारू नकोस. मजा येते म्हणून!

प्रत करताना चित्रकाराच्या लबाड्याही कळतात. सॉक्रेटिस सत्तरीचा; दाढी आणि टक्कल वयाला साजेसं, पण खाली धड तालमीतल्या पैलवानाचं. पोटाचे स्नायू एकेक करून रंगवताना मला हसू येत होतं. पलंगाच्या पायथ्याशी सॉक्रेटिसकडे पाठ करून, मान खाली घालून बसलेला म्हातारा म्हणजे त्याचा शिष्य प्लेटो. तो त्या वेळी तरुण होता आणि आजारपणामुळे तिथे हजर नव्हता बहुधा, असं त्याच्याच लिखाणात आहे. दाविदला मात्र त्या कोपऱ्यात एक शांत, जड आकार हवा होता. माझ्या मते ती थाप शंभर टक्के माफ. तो म्हातारा झाकून बघ, डावी बाजू लगेच हलकी पडते.

आणि हात! सॉक्रेटिसचा एक हात वर, दुसरा विषाच्या पेल्यावर, पण पेला अजून धरलेला नाही. मधल्या त्या फटीत मागचा करडा रंग दिसतो. बोटं जरा खाली सरकली तर पेला हातात आल्यासारखा वाटतो, वर गेली तर तो नको म्हणतोय असं वाटतं. मागची भिंत मी आधी उरकली होती, कारण सोपी वाटली. आता कळतंय की हे हात तिच्यामुळेच उठून दिसतात.

पेला देणाऱ्या माणसाचा लाल अंगरखा अजून राहिलाय. खालचा थर वाळला की त्यावर पारदर्शक लाल चढवायचा आहे. तू त्यासाठी नुसतं तेल घ्यायचास की थोडं टर्पेंटाइनही? आणि घड्यांच्या खोल सावलीत काळा घालायचास का? मला तरी तिथे काळ्याने रंग मळतो असं वाटतं. सविस्तर लिही, फोनवर घाईत सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता