पॅकेज राहू द्या, खात्यात किती येणार ते सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी इचलकरंजीतल्या एका सूतगिरणीत ३१ वर्षे टाइम ऑफिसला होतो. हजेरी आणि पगारपत्रक हेच काम. त्यामुळे धाकट्या लेकीला हिंजवडीतल्या एका कंपनीचे ऑफर लेटर आले, तेव्हा पेढ्यांच्या आधी मी तो कागद मागितला.

पॅकेज ४ लाख २० हजार. घरच्यांनी लगेच १२ ने भागून महिना ३५ हजार काढले. मी वहीत मांडले. ६० हजार 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाअखेरी मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१ हजार ६००, ग्रॅच्युइटी साडेआठ हजारांवर, विम्याचा हप्ता ९ हजार. हे वजा करून राहिलेल्या मासिक पगारातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला, की इनहँड २४ हजार ७००. पीएफ तिचाच आहे, त्याची तक्रार नाही. पण त्यातून वाकडला कॉट बेसिसचे ८ हजार भरता येत नाहीत. आणि कायम नोकरीत ग्रॅच्युइटी सलग ५ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, ती पहिल्याच वर्षाच्या पॅकेजमध्ये धरायची कशाला?

पुढच्या पानावर दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड, मोडल्यास दीड लाख भरायचे, आणि मूळ मार्कशीट कंपनीकडे जमा. मेल शुक्रवारी संध्याकाळी आला, उत्तर ४८ तासांत हवे. शनिवारी-रविवारी एचआरचा फोन कोणी उचलला नाही. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना विचारले तर म्हणाले, "बाँड म्हणजे नुसता कागद हो, सही करून टाका." नुसता कागद कसा? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा असा करार वैध ठरवला आहे. शिवाय कॉलेजचा नियम असा, की एक ऑफर हाती आली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. नाकारली तरी नाही.

ते दोन दिवस लेक धड जेवली नाही. कोल्हापूरच्या एका छोट्या ऑफिसात १८ हजारांवर बोलावणे होते. घरून जाऊन-येऊन, एसटीत बायकांना अर्धे तिकीट. शिलकीचा हिशेब जवळपास सारखाच निघत होता, आणि शिकायला जास्त मिळेल म्हणून मी तिला हिंजवडीलाच पाठवले असते. अडले ते मूळ मार्कशीटवर. उद्या दुसरीकडे मुलाखत आली तर दाखवणार काय? रविवारी रात्री साडेनऊला तिने नकार कळवला.

प्लेसमेंट विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. दरमहा खात्यात किती जमा होणार, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. मूळ कागद ठेवून घेणाऱ्यांना कॅम्पसमध्ये येऊच देऊ नका. विचाराला निदान आठवडा मिळू द्या, आणि नाकारणाऱ्या मुलांना पुढच्या मुलाखतींना बसू द्या. माझ्या लेकीच्या वर्गातल्या चौघींनी त्याच कागदावर सह्या केल्या. त्यांच्या मार्कशीट आजही कंपनीच्या कपाटात आहेत.

– एक निवृत्त टाइमकीपर, इचलकरंजी