एटनाची पांढरी वाईन आणि तुझी मुरमाची बाग

प्रिय संज्या,

खरड छाटणी उरकली हे वाचून बरं वाटलं. मी अजून इटलीत, सिसिलीतच आहे, एटना ज्वालामुखीजवळच्या कातानियात. तू विचारलंस ना की ज्वालामुखीच्या मातीतली वाईन म्हणजे एवढं काय वेगळं, तर निवांत बसून लिहितोय, कारण वेलीतलं तुला जेवढं कळतं तेवढं माझ्या ओळखीत कुणालाच कळत नाही.

वाईनचं नाव एटना बियांको, द्राक्ष कारिकांते, एकदम इथलं. नियम कडक आहेत, निदान ६० टक्के कारिकांते पाहिजेच, आणि बाटलीवर सुपेरिओरे, म्हणजे वरच्या दर्जाची, असं लिहायचं तर ८० टक्के आणि तेही फक्त मिलो गावच्या हद्दीतलं. मिलो पूर्वेच्या उतारावर आहे, समोर खाली समुद्र, पाऊस भरपूर. वाईन पूर्ण ड्राय, म्हणजे गोडी नाहीच, लिंबासारखी आंबट धार, आणि घोट गेल्यावर जिभेवर थोडं खारट राहतं. तळलेल्या अँकोव्हीबरोबर, म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा रे, इतकी जमते की मी दुसरं काही मागवतच नाही.

आता मुद्दा. सगळे म्हणतात ही लाव्ह्याची चव, आणि मला ते अजिबात पटत नाही. अरे तुझा मुरूम म्हणजे तरी काय, झिजलेला बेसॉल्टच ना, दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, मग ही धार नाशिकच्या व्हाइटला का नाही? कारण तुझी वेल कधी झोपतच नाही, ऑक्टोबरला फळ छाटणी की फेब्रुवारी-मार्चला तोडणी, ऐन ऊन चढताना, आणि उन्हात आम्ल उतरतं. इथे हिवाळाभर वेल नुसती काडी होऊन उभी, बागा ७००-९०० मीटरवर, रात्री गारठा, आणि कारिकांते तोडतात थेट ऑक्टोबरात. एवढा वेळ वेलीवर राहूनही मण्यात आम्ल टिकतं, मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं आम्ल, तर इतकं की ते मऊ करायला वाईन बरेच दिवस थांबवावी लागते. इथले वाईनवाले बेनांती, त्यांची पिएत्रामारिना नावाची एटना बियांको मिळाली तर बघ, बाटलीत वर्षानुवर्षं ठेवली तरी ताजी.

मातीचं काम वेगळंच आहे. काळी वाळू, खडे, पाणी थांबतच नाही, आणि वाळूत फिलॉक्सेरा, म्हणजे वेलीची मुळं खाणारा किडा, पसरत नाही, त्यामुळे काही जुन्या वेली शंभरी ओलांडून स्वतःच्याच मुळावर उभ्या आहेत. खुंट नाही, कलम नाही! तू डॉगरिजच्या खुंटाशिवाय लावशील का बाग? मांडव नाही, तार नाही, एकेक वेल चेस्टनटच्या खांबाला बांधलेली, त्याला आल्बेरेल्लो म्हणतात, आणि बांध सगळे लाव्ह्याच्या दगडांचे, चुना-सिमेंट न लावता नुसते रचलेले. ट्रॅक्टर शिरत नाही, सगळं हाताने. आणि डोंगर अजून जिवंत आहे, १९८१ ला रांदात्सोजवळ लाव्हा बागांतून गेला, तिथे अजून नुसता काळा खडक आहे. तरी बाजूला माणसं वेली लावतातच, मला त्यांचं फार मोठेपण वाटतं.

तू ये. तुझी फळ छाटणीही ऑक्टोबरातच येते हे माहितीये, पण या वेळी भावावर सोपव आणि तोडणी बघायला ये, त्या जुन्या वेली तू हात लावून बघायलाच पाहिजेस. व्हिसाला वेळ लागतो, कागद आत्तापासूनच काढायला घे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नित्या