विन्यास पत्र : सव्वा रुपया आणि पेवातला खून

ठाणे, रविवार

प्रिय विन्या,

इतके महिने गप्प होतो, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, गुडघ्याचं विचारू नकोस.

बातमी अशी की सरांच्या कादंबरीवर सिनेमा निघतोय. आणि पटकथा मी लिहितोय. हस, मनसोक्त हस. जन्मभर मालिकांचे एपिसोड पाडणाऱ्याच्या हातात सरांची कादंबरी! हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पेढे मागेल. तू मात्र पहिला प्रश्न विचारशील तो मला माहीत आहे : त्या रात्रीचं काय करणार?

तेच तर. दिवाणजी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, न जुळणारा सव्वा रुपया शोधत रात्रभर जागतो, त्या रात्रीचं काय करू?

निर्माता वाईट माणूस नाही. पुस्तक वाचलंय त्यानं, निदान अर्धं. पण परवा म्हणाला, "चाळीस पानं माणूस रोजकीर्द घेऊन बसलाय, सव्वा रुपया मिळत नाही म्हणून. बघणार कोण?" मी म्हटलं, त्या चाळीस पानांत त्याची बायको आहे, भावाची वाटणी आहे, मालकाच्या बापानं त्याला पहिल्यांदा गल्ल्याची किल्ली दिली तो दिवस आहे. तो म्हणाला, "मग फ्लॅशबॅक टाका." टाकले. विन्या, तेरा पानांचे फ्लॅशबॅक लिहिले आणि वाचून मलाच लाज वाटली. सर ते सगळं आकड्यांच्या मधे मधे सांगतात. हळदीच्या पोत्यांची बेरीज करता करता दिवाणजी बायकोच्या बाळंतपणावर येतो आणि पुढच्या ओळीत परत हमालीवर. मी तिथे कट मारला की बाळंतपण वेगळं, हमाली वेगळी. दोन्ही दिसतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही.

आता तू 'सिंहासन' काढशील. तीस वर्षं काढतोयस. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', तेंडुलकरांनी एकत्र कालवल्या, जब्बार पटेलांनी १९७९ साली सिनेमा केला, कुठे काय अडलं? शेवटचं निळूभाऊंचं ते वेड्यासारखं हसणं तर पुस्तकावर कडी आहे, मान्य. पण बाबा रे, ती माणसं बोलतात! फोन करतात, डाव टाकतात, एकमेकांच्या केबिनीत जातात. आपला दिवाणजी रात्रभर एक शब्द बोलत नाही. एकदा फक्त कंदिलाची वात चढवतो.

मला आठवते ती 'शाळा'. २०१२ साली बघून आलो आणि मिरज स्टेशनवर चहा गार होईपर्यंत भांडलो. तू म्हणालास, पुस्तक पुस्तकाच्या जागी, सिनेमा सिनेमाच्या जागी. वर राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, अजून काय हवं? सिनेमा देखणा होता, पोरांनी कामं झकास केली होती, मी कधी नाही म्हटलं? पण बोकिलांचा मुकुंद जोशी तीनेकशे पानं आपल्या कानाशी कुजबुजतो. मास्तरांना नावं ठेवतो, शिरोडकरबद्दलचे अंदाज बांधतो, मोडतो, पुन्हा बांधतो. पडद्यावर तो जोशी समोर दिसतो. पुस्तकात तो दिसतच नाही, तो बघत असतो. तेव्हा हे मला नीट सांगता आलं नव्हतं आणि मी उगाच आवाज चढवला. (तूही चढवला होतास. शेजारच्या बाकावरच्या आजी उठून गेल्या त्या तुझ्यामुळे.)

'बनगरवाडी' आहेच. पालेकरांनी १९९५ साली मनापासून केला. पण शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपून घेते ते माडगूळकर कसं सांगतात बघ. सूर चढत नाही, हुंदका नाही, पुढचं काम सुरू. मी तसं लिहून दिलं तर आमचा निर्माता तिथे सारंगी मागेल.

उलटही आहे, नाही असं नाही. 'नटरंग'मधे अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी तेच उतरवलं. कादंबरीत आनंद यादवांनी कितीही लिहिलं तरी ते तसं डोळ्यांसमोर घडणार नाही. म्हणजे कॅमेऱ्याला अंग कळतं, हात कळतात. दिवाणजीचे हळदीनं पिवळे झालेले हात मी पहिल्याच सीनला घेतलेत. ते बरं जमलंय, तुला आवडेल.

हां, पेव! हरिपूरचं पेव, हळद साठवायचं ते जमिनीखालचं कोठार, कादंबरीत एका परिच्छेदात येतं, आठवतंय ना? उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते, म्हणून मुकादम पोरांना लांब बसवतो. बस्स, एवढंच. निर्मात्यानं नेमकं तेच उचललं. "भारी व्हिज्युअल आहे. मालकाला पेवात ढकलला तर?" सर असते तर पान लावता लावता म्हणाले असते, "ढकल की. आधी तुला ढकलतो."

पेवातला खून मी होऊ देणार नाही, ती काळजी नको. शेवटही तोच राहील. पहाटे दिवाणजी स्वतःच्या खिशातला सव्वा रुपया गल्ल्यात टाकतो आणि कीर्द मिळाली असं लिहितो. त्याला सगळ्यांची मंजुरी आहे. मला झोप लागत नाही ती इथेच. चाळीस पानं आपण त्याच्याबरोबर जागलो म्हणून तो सव्वा रुपया छातीवर बसतो. जन्मात पहिल्यांदा तो वहीत खोटं लिहितो. माझ्याकडे त्या रात्रीला सात मिनिटं आहेत. सात मिनिटांनंतर तेच केलं तर एक म्हातारा गल्ल्यात नाणी टाकतो, एवढंच दिसतं.

सोडून दे म्हणशील. मी सोडलं तर दुसरा पेव उघडून तयारच आहे. शिवाय काकूंनी सही केलीय. पैसे त्यांना हवेच होते, पण त्याहून ह्यांचं नाव पडद्यावर येणार म्हणून खुशीत आहेत. फोनवर एकच विचारलं, "शेवट तोच आहे ना रे?" मी हो म्हटलं. खोटं काय बोललो सांग.

तुझी बदली रद्द झाली का? सुमीचं लग्न ठरलं म्हणे, कुणाकडून तरी कळतं मला, तू सांगू नकोस. वहिनींना नमस्कार.

आणि सरांनी समासात पेन्सिलीनं खुणा केलेली प्रत तुझ्याकडे आहे. ढापली आहेस म्हणत नाही, आहे. त्या रात्रीची पानं फोटो काढून पाठव. सरांनी स्वतः काही ओळींवर काट मारली होती असं पुसट आठवतं. कुठल्या ओळी ते मला बघायचंय. मंगळवारी बैठक आहे, त्याआधी पाठव. आणि फोन कर, भांडायला कर.

तुझा,
दिल्या