लस देताना कोंबडीचा पायही पाहा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्यायला आपल्या खात्याचा कर्मचारी परसात येतो, तेव्हा एकेक कोंबडी त्याच्या हातात येते. लस दिली की तो तिला सोडून देतो. सोडण्याआधी तिचे दोन्ही पाय आणि तळवे पाहायचे, असा आदेश आपण काढावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पायाच्या दुखण्याने कोंबडी झटपट मरत नाही, म्हणून त्याकडे कुणी वळून पाहत नाही. पायाच्या खवल्यांखाली शिरणारा माइट हा सूक्ष्म परजीवी, शास्त्रीय नाव नेमिडोकॉप्टिस म्युटन्स, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीत बिळे करतो आणि सारे आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढतो. हळूहळू खवले वर उचलले जातात, खाली पांढुरका भुसा साचतो, पाय जाड आणि खडबडीत होतात. "म्हातारी झाली, पाय असेच व्हायचे" असे म्हणून पाळणारा गप्प बसतो. तोवर खुडूक कोंबडीकडून पिल्लांना लागण होते. दुखणे फार वाढले तर कोंबडी लंगडते, बोटे वाकतात, कधी गळूनही पडतात.

आणि उपाय किती साधा आहे! कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, मऊ ब्रशने सुटे झालेले तेवढेच काढायचे (खवले ओढले की रक्त येते), पाय कोरडे करून व्हॅसलिनचा जाड थर द्यायचा. माइट गुदमरून मरतो. दर काही दिवसांनी, कित्येक आठवडे हे करत राहावे लागते, तेही खुराड्यातल्या सगळ्याच पक्ष्यांना. नुसते खुराडे फवारून भागत नाही. फवारणी कामी येते ती फटीत लपून रात्री रक्त पिणाऱ्या लाल माइटवर, आणि तो वेगळा. हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक पायाला रॉकेल, डिझेल, जळके ऑइल चोळतात. त्याने आधीच सोललेली कातडी भाजते. मुक्या जिवाचे हे हाल बघवत नाहीत.

सुजलेला तळवा ही निराळी गोष्ट. तिथे गाठ आणि मधोमध काळी खपली दिसली, तर बहुधा छोट्या जखमेतून जिवाणू आत गेलेले असतात, बरेचदा स्टॅफिलोकोकस ऑरियस. बसायची खरखरीत दांडी, उंचावरून कठीण जमिनीवर मारलेली उडी, खाली अंथरलेले ओले तूस, भारी वजन ही त्यामागची कारणे. लवकर लक्षात आले तर पाय शेकून, पोव्हिडोन आयोडीन लावून, पट्टी बांधून आणि कोरड्या जागी ठेवून बरेचदा भागते. उशीर झाला की अवघड होते, कारण पक्ष्यांचा पू पातळ नसतो. तो पनीरासारखा घट्ट होतो आणि दाबून बाहेर येत नाही. मग घरातच ब्लेड चालवले जाते. ते काम पशुवैद्यकाचे आहे. सांधे सुजले असतील तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूची लागण किंवा गाऊट हा सांध्यांचा आजारही असू शकतो, त्याची पारखही त्यांनीच करायची.

औषधांचेही तेच. आयव्हरमेक्टिन माइटवर चालते, पण त्याचा अंश अंड्यात उतरतो. अंडी किती दिवस खायची नाहीत हे चिठ्ठीवर लिहून दिल्याशिवाय ते कुणाच्या हाती पडू नये. माइटसाठी प्रतिजैविके देणे तर सरळ वाया, ती जिवाणूंवरची औषधे आहेत.

आदेश काढाल तेव्हा दोन गोष्टी त्यात जरूर घाला. लसीकरणाच्या नोंदवहीत पायांसाठी एक रकाना असावा, आणि त्यात खूण झालेल्या घरी पशुवैद्यकाने जाऊन यावे. तसेच पाय तपासल्यावर कर्मचाऱ्याने हातमोजे बदलून, हात धुऊनच पुढच्या परसात पाऊल टाकावे. माइट पक्ष्याच्या अंगावरून पक्ष्याच्या अंगावर जातो, त्याला आपल्या माणसाच्या हातून वाट मिळू नये.

आपली,
परसात कोंबड्या पाळणारी एक नागरिक