५८५ वरची खरखर रेडिओची नव्हे

संपादक महोदय,

घरात नवे एलईडी पॅनल बसले की आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवर खरखर सुरू होते आणि दोष रेडिओच्या माथी जातो. रेडिओ बिचारा जे हवेत आहे तेच ऐकवतो. स्वस्त एलईडी ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी डबी) आणि अडॅप्टर यांत वीज वेगाने चालू-बंद करणारा कंट्रोलर असतो; असे अनेक कंट्रोलर ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्यांचा विद्युत गोंगाट या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही उमटतो. हा आकडा हिशेबाने ठरलेला आहे. बहुतेक उपकरणांच्या गोंगाटाची मोजणी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. म्हणजे ६५ आणि त्याची दुप्पट १३० अलगद सुटतात. पण ६५ नव्वे ५८५! ही नववी पट नेमकी आपल्या केंद्रावर येऊन बसते. फ्रिक्वेन्सी पाच टक्के सरकली तर ती ५५६ ते ६१४ मध्ये कुठेही भटकते. काही कंट्रोलर आयसी (चिप) फ्रिक्वेन्सी मुद्दाम हलती ठेवतात. त्याने प्रयोगशाळेतल्या चाचणीत गोंगाटाचा आलेख खाली येतो, रेडिओवर मात्र शिट्टीच्या जागी फुसफुस येते, इतकेच.

चोर शोधायला सेलवरचा ट्रान्झिस्टर रेडिओ पुरतो. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा लावावी आणि एमसीबी एकेक पाडत जावे. आवाज ज्या एमसीबीला थांबला, त्या सर्किटवरचे दिवे मग एकेक तपासावेत.

दोषी ड्रायव्हर उघडून आतली सर्किटची पाटी (पीसीबी) पाहिली की कारण बहुधा समोरच दिसते. फ्यूज आणि ब्रिज (एसीचे डीसी करणारा भाग) यांच्यामध्ये गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरची जागा छापलेली असते, पण कपॅसिटर गायब आणि चोकच्या (तारेच्या गुंडाळीच्या) जागी तारेचे दोन जंपर. हे भाग बसवण्याचे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि तो स्विच बंद केल्यावरही काही काळ टिकतो. फेज-न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ (फेज-न्यूट्रलमध्ये लावायच्या सुरक्षित दर्जाचा) कपॅसिटर बसवावा. दोन्ही तारांवर मिळून १० ते २० मिलिहेन्रीचा कॉमन मोड चोक (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारा गोंगाट अडवणारा) लावावा. २० वॅटच्या ड्रायव्हरला ०.३ अँपिअरचा पुरतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी आणि सेकंडरी बाजूंमध्ये २.२ नॅनोफॅरडचा वाय१ (शॉक लागू नये अशा सुरक्षित दर्जाचा) कपॅसिटर हवा. वाइंडिंगमधून पलीकडे झिरपलेला गोंगाटाचा प्रवाह त्यातून जवळच्या जवळ परत फिरतो. नाहीतर तो घरभरच्या वायरिंगला अँटेना करतो. २.२ नॅनोफॅरडमधून गळती सुमारे ०.१६ मिलिअँपिअर होते. जास्त चांगले म्हणून १० नॅनोफॅरडचा टाकला तर ती ०.७ च्या वर जाते आणि दिव्याच्या धातूच्या चौकटीला हात लावताच झिणझिण्या येतात. बर्डीवर एक्स२ मिळाला नाही म्हणून साधा ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर कधीही लावू नये. तो शॉर्ट झाला तर आग लागू शकते.

दोन उपाय हमखास फसतात. पहिला, केबलवर चिमट्यासारखी बसणारी फेराइट (चुंबकीय पदार्थाची कडी). त्यातली बहुतेक ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या कामासाठी असतात; ५८५ किलोहर्ट्झवर एका वेढ्याचा परिणाम जवळपास शून्य. त्याऐवजी मँगनीज-झिंक फेराइटच्या कड्यावर दोन्ही तारांचे मिळून १०-१२ वेढे घ्यावेत, इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दुसरा, मॉसफेटचा (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) गेट रेझिस्टर १० वरून ४७ ओहम करणे. याने व्होल्टेजचा चढ मंदावतो, पण १०० नॅनोसेकंदांच्या चढाचा प्रभाव सुमारे ३ मेगाहर्ट्झच्या पुढे जाणवतो. म्हणजे विविध भारतीच्या एफएमवरचा त्रास त्याने कमी होईल, ५८५ वरचा नाही. उलट मॉसफेट जास्त तापेल, आणि मे महिन्यात फॉल्स सीलिंगच्या वर तापायला आणखी काही नकोच.

त्या उष्णतेचा आणखी एक हिशेब आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते. इनपुटचा कपॅसिटर सुकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि स्विचिंगचा प्रवाह त्याच्यात जिरण्याऐवजी मेन्समध्ये (घराच्या वीज वायरिंगमध्ये) उतरतो. पहिल्या वर्षी शांत असलेला दिवा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर गुरगुरतो तो यामुळे. बदलताना १०५ अंशांचाच घ्यावा.

छतावरच्या सोलरचे थोडक्यात: पॅनलकडून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या प्लस आणि मायनस केबल एकमेकींपासून दूर नेल्या की मोठा लूप तयार होतो आणि तो अँटेनासारखा गोंगाट पसरवतो. त्या शेजारी-शेजारी बांधाव्यात.

महापालिका आणि गृहनिर्माण संस्था दिव्यांच्या निविदेत बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, पाहून समाधान मानतात. ड्रायव्हरसाठीची ती नोंदणी सुरक्षिततेची आहे, गोंगाटाची नव्हे. निविदेत सीआयएसपीआर १५ चा (दिव्यांच्या विद्युत गोंगाटाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) चाचणी अहवाल मागावा. त्यात ०.५ ते ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मेन्सवरच्या गोंगाटाची क्वासी-पीक (मोजणीची एक पद्धत) मर्यादा ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट आहे आणि ५८५ किलोहर्ट्झ त्यातच येतो. माल आल्यावर कुठल्याही खोक्यातला एक ड्रायव्हर उघडावा आणि चोक जागेवर आहे की जंपर, ते पाहूनच बिल मंजूर करावे.

— एक पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, धरमपेठ, नागपूर