सीमेपलीकडील दंतोपचारात साहाय्य करणाऱ्यांचे आभार

दातांच्या उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर गेल्याने मला सीमेपलीकडे जावे लागले. या प्रवासात ज्यांनी मदत केली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहुतेकांची नावेही मला ठाऊक नाहीत.

सर्वाधिक ऋण आहे ते आधी जाऊन आलेल्या रुग्णांचे. दर विचारण्याआधी वेळापत्रक विचारा, असे त्यांनी बजावले. कारण इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवायच्या कृत्रिम मुळाचा, स्क्रू जबड्याच्या हाडात पक्का रुजायला साधारण 3 ते 6 महिने लागतात, त्यामुळे कायमची कॅप बसवण्यासाठी बहुधा दुसरी फेरी करावी लागते आणि तिचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. एकाच खेपेत सारे उरकून देतो म्हणणाऱ्यांपासून मी वाचलो, हे उपकार थोडे नव्हेत.

दवाखान्यातील सहायक ताईंनी भाषेची अडचण ओळखून, दातांमध्ये निळा कागद धरून, चावताना कुठे टोचते ते खुणेनेच विचारून घेतले. निघताना एक्स-रेसोबत इम्प्लांटच्या वेष्टनावरचे, माप आणि लॉट (उत्पादनाच्या तुकडीचा) क्रमांक असलेले स्टिकर फाइलमध्ये चिकटवून दिले. त्या कागदांच्या आधारे पुढील देखभाल स्वीकारणाऱ्या माझ्या नेहमीच्या दंतवैद्यांचा, तसेच सुजलेला गाल पाहून सीमेवरच्या रांगेत मला पुढे सोडणाऱ्या कुटुंबाचा मी आभारी आहे.